हॉस्पिटलच्या आतली शाळा

जून महिना आला की आमच्या कुर्ल्यात पावसाआधी बॅनर येतात. बारावीत पास झालेल्या मुलांचे फोटो, नगरसेवकाच्या शुभेच्छा आणि त्यांच्या मधोमध पांढरा कोट घातलेल्या, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेल्या हसऱ्या मुलीचं चित्र. खाली लिहिलेलं असतं: पॅरामेडिकल कोर्स, सहा महिने किंवा एक वर्ष, नोकरीची हमी, मुलींना फीमध्ये सवलत. पत्ता पाहिला तर मोबाइलच्या दुकानावरचा पोटमाळा नाहीतर एखाद्या इमारतीतले दोन गाळे. हॉस्पिटल कुठेच नाही.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. विज्ञान शिकवत नाही. तरीही बारावीच्या निकालानंतर पालक माझ्याकडे येतात, कारण मुलगी पाचवीपासून माझ्या वर्गात होती आणि घरच्यांना मी ओळखते. त्यांचा प्रश्न दरवर्षी एकच असतो, "टीचर, नीटमध्ये नंबर लागला नाही. आता काय?" घरात मयत झाल्यासारखे चेहरे असतात. मग कोणीतरी म्हणतं, बी.एस्सी. करून बी.एड. करू दे. कोणी म्हणतं, लग्न करून टाका. आणि कोणीतरी खिशातून त्या बॅनरवरचा फोन नंबर काढतं.

एका रिक्षावाल्या भावांची मोठी मुलगी अशीच त्या पोटमाळ्यावर गेली. नाव घालत नाही, ना तिचं, ना त्या संस्थेचं. हप्त्याहप्त्याने पैसे भरले. वर्षभरात तिने मायक्रोस्कोप दोनदा पाहिला, रक्त घेण्याचा सराव एकमेकींच्या हातांवर केला आणि शेवटी सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र मिळालं. ते घेऊन ती तीन ठिकाणी गेली. तिन्ही ठिकाणी पहिला प्रश्न होता, "नोंदणी आहे का? कुठल्या हॉस्पिटलमध्ये ट्रेनिंग झालं?" दोन्हींचं उत्तर नाही. ती मुलगी आज एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते. प्रमाणपत्र लॅमिनेट करून घरात ठेवलंय.

तिची धाकटी बहीण दोन वर्षांनी बारावी झाली. नीटचे गुण एम.बी.बी.एस.च्या जवळपासही नव्हते. पण तिच्या अब्बांना एकदा ठेच लागली होती. ते म्हणाले, "टीचर, या वेळी हॉस्पिटल असलेली शाळा सांगा." मला त्यांचे हे शब्द फार आवडले. नेमकं हेच विचारायला हवं, आणि आपल्या वस्त्यांमध्ये कोणी ते विचारत नाही.

आपल्याला हॉस्पिटलमधले लोक किती माहीत असतात? डॉक्टर, नर्स, वॉर्डबॉय आणि "रक्त काढणारा". पण एका मोठ्या हॉस्पिटलात एक्स-रे आणि एमआरआय काढणारे वेगळे, डायलिसिस चालवणारे वेगळे, भूल देताना मदत करणारे वेगळे, कॅन्सरच्या रुग्णाला किरणोपचार देणारे वेगळे. ऐकू न येणाऱ्या मुलाची तपासणी करणारे, अडखळणारी वाचा मोकळी करणारे, कृत्रिम पाय बनवणारे, व्यायाम शिकवणारे, हे सगळे आपापलं शास्त्र शिकून आलेले असतात. 2021 साली संसदेने या सगळ्यांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात दहा गट आहेत आणि पन्नासहून अधिक व्यवसायांची यादी आहे. आपल्या मोहल्ल्यात त्यातल्या पाचांची तरी नावं कोणी सांगेल का, अशी मला शंका आहे.

धाकटीसाठी शोधता शोधता मी परळच्या के.ई.एम. हॉस्पिटलपर्यंत पोहोचले. के.ई.एम. आपल्याला परकं नाही. कोकणातून, बीडहून, उत्तर प्रदेशातून आलेला रुग्ण आपल्याच कोणाच्या तरी घरी उतरतो आणि पहाटे केसपेपरच्या रांगेत उभा राहतो. 1926 साली सुरू झालेलं हे महापालिकेचं हॉस्पिटल आणि त्याला जोडलेलं सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज. दानशूरांनी देणगी देताना अट घातली होती की इथले शिक्षक भारतीयच असतील. इंग्रजांच्या राज्यात ती मोठीच गोष्ट होती. पण याच आवारात ऑक्युपेशनल थेरपीची शाळा आहे, आणि ती 1950 साली सुरू झाली तेव्हा आशिया खंडात अशी दुसरी शाळा नव्हती, हे मला माहीत नव्हतं.

ती शाळा काढणाऱ्या बाईंचं नाव कमला निंबकर. मराठी वाचकांना निंबकर म्हटलं की फलटण आठवेल, जाई निंबकर आठवतील, मॅक्सिन बर्नसन यांची 'कमला निंबकर बालभवन' ही शाळा आठवेल. ज्यांच्या नावाने ती शाळा आहे, त्याच या कमलाबाई, जाईंच्या सासूबाई. त्यांचं माहेरचं नाव एलिझाबेथ लंडी. 1900 साली अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये एका क्वेकर घरात जन्म. विष्णू निंबकरांशी लग्न करून 1930 साली त्या हिंदुस्थानात आल्या आणि कमला झाल्या. चाळिशी ओलांडल्यावर पुन्हा अमेरिकेत, फिलाडेल्फियाला जाऊन त्या ऑक्युपेशनल थेरपी शिकल्या. परत येऊन के.ई.एम.मध्ये शाळा काढली. 1952 साली देशभरातल्या थेरपिस्टांची संघटना उभी केली. त्याच वर्षी ऑक्युपेशनल थेरपीचा जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा संस्थापक दहा देशांमध्ये भारत होता. पुढे त्यांनी नागपूरलाही शाळा सुरू केली. 1979 साली त्या वारल्या.

चाळिशीनंतर पुन्हा विद्यार्थिनी होणं म्हणजे काय, हे मी माझ्या वयावरून समजू शकते. आमच्यात तर चाळिशीच्या बाईने नवीन मोबाइल शिकला तरी पोरं हसतात.

ऑक्युपेशनल थेरपीला मराठीत व्यवसायोपचार म्हणतात. या शब्दाने घोटाळा होतो. लोकांना वाटतं, रोजगाराशी काही संबंध असेल. इथे व्यवसायाचा अर्थ माणूस दिवसभर ज्या ज्या कामात गुंतलेला असतो ते सगळं. दात घासणं, बटण लावणं, भाकरी थापणं, लोकल पकडणं, पोराला आंघोळ घालणं. आजाराने किंवा अपघाताने यातलं जे जे हातातून गेलं, ते परत मिळवून देणं किंवा दुसऱ्या रीतीने करायला शिकवणं हा उपचार. फिजिओथेरपी तिची सख्खी बहीण. तिचीही शाळा के.ई.एम.मध्ये पन्नासच्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सुरू झाली. ढोबळमानाने सांगायचं तर फिजिओ सांध्याची आणि स्नायूची हालचाल परत आणते. ऑक्युपेशनल थेरपिस्ट विचारते, त्या हालचालीने तुम्हाला करायचं काय आहे?

त्या काळी पोलिओने लुळी पडलेली मुलं घरोघरी होती. 13 जानेवारी 2011 नंतर देशात नैसर्गिक पोलिओचा रुग्ण सापडला नाही आणि 2014 साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. पण काम संपलं नाही, बदललं. आता सेरेब्रल पाल्सीची मुलं येतात, स्वमग्न मुलं येतात, अर्धांगवायूचे रुग्ण येतात, यंत्रात बोटं गेलेले कामगार येतात.

धाकटीला प्रवेश मिळाला. के.ई.एम.मध्येच मिळाला असं नाही. शीवच्या लोकमान्य टिळक हॉस्पिटलात आणि मुंबई सेंट्रलच्या नायरमध्येही महापालिकेच्या अशा शाळा आहेत. यांपैकी एकीत ती शिकते एवढंच सांगते. महाराष्ट्रात बी.ओ.टीएच. आणि बी.पी.टीएच.चे प्रवेश नीटच्या गुणांवरूनच होतात. म्हणजे ज्या निकालावर घरात रडारड झाली, तोच कागद या दाराची किल्ली होता. तिच्या वेळी अभ्यासक्रम चार वर्षांचा, वर सहा महिने इंटर्नशिप, पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची.

तिसऱ्या वर्षाला असताना ती मला भेटायला आली. बोलता बोलता तिने एका मुलाबद्दल सांगितलं. साकीनाक्याच्या कारखान्यात पॉवर प्रेसवर हात सापडलेला, वय वीस-एकवीस. टाके सुकले पण बोटं आत वळायला लागली. तिच्या सरांनी प्लास्टिकचा एक पत्रा गरम पाण्यात टाकला. साधारण 65-70 अंशांना तो नरम पडतो. मग तो उचलून, पुसून, मुलाच्या हातावर ठेवून दोन-तीन मिनिटांत हाताच्या आकाराचा साचा बसवला. याला स्प्लिंट म्हणतात. पुढच्या रुग्णाच्या वेळी सर बाजूला उभे राहिले आणि म्हणाले, "आता तू कर." ती म्हणाली, "टीचर, माझा हात थरथरत होता. पण सर एका हाताच्या अंतरावर होते."

मला वाटतं, हॉस्पिटलच्या आत शाळा असण्याचा सगळा अर्थ या एका वाक्यात आहे. शिकवणारा स्वतः रोज रुग्ण पाहतो. सकाळी फळ्यावर जी नस काढली, ती दुपारी वॉर्डात खाटेवरच्या माणसाच्या दंडात शोधायची असते. चुकलं तर धरणारा जवळ असतो, आणि रुग्णाचं नुकसान होण्याआधी धरतो. पोटमाळ्यावरच्या शाळेत चूक कळायलाच माणूस नसतो.

आम्ही बी.एड.ला होतो तेव्हा सराव पाठ असायचे. मागच्या बाकावर निरीक्षक वही घेऊन बसलेले. पाठ टाचण, उद्दिष्टं, ज्ञाताकडून अज्ञाताकडे, सोप्याकडून कठीणाकडे. ही सूत्रं आम्ही घोकली आणि नोकरी लागल्यावर निम्मी विसरलो. धाकटीची वही पाहिली तर तेच टाचण. रुग्णाचं नाव, आज काय जमतं, दोन आठवड्यांत काय जमायला हवं. 'पाणी पिणे' या एका कामाचे तिने नऊ तुकडे केले होते: पेल्याकडे पाहणे, हात पुढे नेणे, बोटं उघडणे, पकडणे, उचलणे आणि असेच पुढे. कुठल्या तुकड्यावर माणूस अडतो ते शोधायचं आणि तिथेच काम करायचं. मी तिला म्हटलं, अगं, हे तर आमचंच शास्त्र आहे. वर्गात पोरगं वाचताना अडतं तेव्हा कुठल्या अक्षरावर अडतं ते पाहावं लागतं, सगळं पुस्तक पुन्हा वाचून उपयोग नसतो.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती सांगते. आमच्या इमारतीत एक खाला राहतात. वय साठीच्या पुढे. मागच्या वर्षी त्यांना लकवा झाला. आपल्याकडे या आजाराला किती नावं, मराठीत अर्धांगवायू, बोलण्यात लकवा, उर्दूत फालिज. उजवी बाजू गेली. एका खाजगी नर्सिंग होममध्ये दहा दिवस ठेवलं, बरंच बिल झालं, जीव वाचला. सुट्टी देताना गोळ्यांची यादी दिली आणि सांगितलं, "बाकी हळूहळू होईल." कोणाकडे जायचं, काय करायचं, एक शब्द नाही. घरच्यांनी त्यांना पलंगावर झोपवलं, सून घास भरवू लागली. सगळे सेवा करत होते, मनापासून करत होते. आणि खाला रोज थोड्या थोड्या कमी होत होत्या.

धाकटी माझ्याबरोबर त्यांना बघायला आली. तिने हात-पाय पाहिले, मग पलंगाजवळ स्टूल ओढून बसली आणि विचारलं, "खाला, आजारी पडायच्या आधी तुमचा दिवस कसा जायचा?" दोन महिन्यांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. खालांची जीभ जड होती. त्यांनी सावकाश सांगितलं, "फज्रला उठायचे. वुजू करायचे." आणि रडू लागल्या. त्यांना चालता येत नाही, खाता येत नाही याचं दुःख होतंच. पण स्वतःच्या हाताने वुजू करता येत नाही, हे त्यांना सर्वांत जास्त सलत होतं.

नमाज बसून, आडवं पडून, इशाऱ्यानेही होते, अशी आपल्या दीनने सवलत दिली आहे. ते खालांना माहीत होतं. पण सवलत मिळणं वेगळं आणि आपल्या हातून काम होणं वेगळं. धाकटीने आपल्या सरांना विचारून, त्या हॉस्पिटलात खालांचा केसपेपर काढून घेतला. आठवड्यातून दोनदा रिक्षाने नेऊ लागले. तिथल्या थेरपिस्टनी उद्दिष्टाच्या रकान्यात लिहिलं: बसून वुजू. मोरीत न घसरणारी चटई, टेकायला पाठ असलेली खुर्ची, भिंतीला धरायची दांडी, फिरवायच्या नळाऐवजी कोपराने उघडेल असा नळ. सलवारला नाड्याऐवजी इलॅस्टिक. कुर्ता घालताना आधी दुबळा हात बाहीत, काढताना दुबळा हात शेवटी, एवढा एक नियम कळल्यावर सुनेची अर्धी कसरत कमी झाली. बोटांच्या व्यायामासाठी थेरपिस्टने मऊ पुट्टी दिली होती. घरी त्यांना कणकेचा गोळा मळायला दिला. आणि अंगठा-तर्जनीची पकड यावी म्हणून तसबीह. एकेक मणी पुढे सरकवायचा, घाई करायची नाही. पहिल्या दिवशी चार मणी सरकले.

उजवा हात पूर्ण आलेला नाही. कदाचित येणारही नाही. पण पाच-साडेपाच महिन्यांनी खाला खुर्चीवर बसून, डाव्या हाताने उजव्याला मदत करत, स्वतः वुजू करू लागल्या. सुनेला त्यांनी मोरीच्या बाहेर उभं केलं. त्या दिवसापासून घरात त्यांचा आवाज पुन्हा ऐकू येऊ लागला. डाळीत मीठ कमी आहे, पोरं मोबाइल फार बघतात, वगैरे.

हे काम हिंदू थेरपिस्ट करू शकत नाही असं अजिबात नाही. खालांच्या मुख्य थेरपिस्ट मराठे बाई होत्या आणि सजद्यात गुडघा किती वाकतो हे त्यांनी धाकटीकडून नीट समजून घेतलं. पण पहिला प्रश्न ऐकून 'वुजू' म्हणजे काय हे समजावत बसावं लागलं असतं, तर खाला कदाचित बोलल्याच नसत्या. उलटही खरं आहे. वॉर्डात सातारचा वारकरी आजोबा असेल तर त्याला टाळ धरायचे असतात, तुळशीची माळ स्वतः घालायची असते. ती गोष्ट आमच्या मुलीला कळायला हवी. म्हणून मी माझ्या वर्गात मराठीबद्दल जरा जास्तच कडक असते. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलीला अकरावीत इंग्रजी विज्ञान अंगावर येतं, ते ती कष्टाने पेलते. पण खाटेवरची आजी "हाताला मुंग्या येतात गं" म्हणाली आणि मुलगी खरोखरच्या मुंग्या शोधू लागली तर कसं व्हायचं? धाकटी म्हणते, वॉर्डात तिच्या पाठ्यपुस्तकापेक्षा माझ्या वर्गातले वाक्प्रचार जास्त उपयोगी पडले. शिक्षिकेला याहून मोठं बक्षीस नको.

आपल्या जलशांमध्ये एक विषय नेहमी असतो: मुसलमानांनी हॉस्पिटलं काढली, वैद्यक शिकवलं. खोटं नाही. बाराव्या शतकात दमास्कसला नूरुद्दीनने बीमारिस्तान बांधलं, तेराव्या शतकात काहिराला सुलतान कलावूनने. तिथे रुग्णांवर उपचार व्हायचे आणि तिथेच शिष्यांना धडे मिळायचे. इब्न अन-नफीस या वैद्याने आपलं घर आणि ग्रंथसंग्रह काहिराच्या त्या हॉस्पिटलला देऊन टाकला. म्हणजे हॉस्पिटलच्या आतली शाळा ही आपल्याला नवीन कल्पना नाही. पण भाषण ऐकून टाळ्या वाजवणारा बाप घरी येऊन मुलीचा अर्ज पोटमाळ्यावरच्या संस्थेत भरतो, तेव्हा त्या बीमारिस्तानाचा आपल्याला काय उपयोग झाला?

शंका असतात, आणि त्या विचारायलाच हव्यात. "नावापुढे डॉक्टर लागेल का?" हा पहिला. मी म्हणते, रुग्णाला त्याने फरक पडत नाही. "परक्या पुरुषांना हात लावावा लागेल." लागेल, उपचारापुरता. मी फतवा देणारी नाही. पण आपल्याच घरातल्या बायका तपासणारा पुरुष आहे म्हणून सोनोग्राफी पुढे ढकलतात, मॅमोग्राफी टाळतात, हे मी पाहिलं आहे. आपल्या आईला तपासायला बाई हवी असेल तर ती बाई कोणाच्या तरी घरातून निघून शिकायला गेली पाहिजे. "पगार किती?" सुरुवातीला थोडाच असतो. सरकारी जागा कमी आहेत, हेही सांगते. चार वर्षं कष्टाची आहेत, कोणाला खोटी हमी देऊ नये. हमी देणारे बॅनर आपण पाहिलेच आहेत.

पालकांना मी आता पाच प्रश्न लिहून देते. पदवी किंवा पदविका कोण देतं, त्या विद्यापीठाच्या किंवा मंडळाच्या यादीत संस्थेचं नाव आहे का? हॉस्पिटल स्वतःचं आहे की कागदावरचं, खाटा किती? मुलगी कितव्या महिन्यात वॉर्डात जाईल? शिकवणारे स्वतः रुग्ण पाहतात का? शिक्षण संपल्यावर नोंदणी कुठे होईल? उत्तरं तोंडी घेऊ नका, तिथे जाऊन पाहा. रिक्षावाले भाऊ स्वतः गेले होते. सकाळची पाळी सोडून त्यांनी ओपीडीच्या बाकावर दोन तास काढले, शिकणारी मुलं रुग्णांशी कशी बोलतात ते ऐकलं आणि मग फॉर्मवर सही केली.

मोठीही आता चौकशी करते आहे. तिचं वय अजून फार झालेलं नाही, आणि कमलाबाईंनी तर चाळिशीनंतर सुरुवात केली होती.